वडिलांच्या पायाची जखम उघडी का ठेवलीय, आणि मांडीची कातडी नक्की कधी लावणार?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. वडील ५८ वर्षांचे, शेतकरी, दहा-बारा वर्षांपासून शुगर, गोळ्या कधी घेतात कधी नाही. पायात बाभळीचा काटा गेला, चौथ्या दिवशी पाय पोटरीपर्यंत सुजला, ताप भरला, रात्री बडबडायला लागले, गावातल्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन मारून लगेच शहरात पाठवलं (त्या डॉक्टरांना जाऊन एकदा नमस्कार करा, कितीतरी जण चार दिवस सलाईन लावून वेळ घालवतात). शहरात दोन ऑपरेशन करून सडलेला भाग काढला. आता घोट्यापासून गुडघ्याच्या चार बोटं खालपर्यंत बाहेरच्या बाजूने पाय उघडा आहे, व्हॅक (जखमेतलं पाणी ओढून घेणारं पंपाचं मशीन) लावलाय, आणि प्लास्टिक सर्जन म्हणतात अजून आठवडाभर थांबू मग मांडीची कातडी लावू. काका म्हणतात टाके घालून मोकळं करा, मावशी म्हणतात ड्रेसिंगने आपोआप भरेल, आणि एक नातेवाईक म्हणतोय की बिल वाढवायचे धंदे आहेत. तुम्ही मधे अडकलाय.

मी गेली बावीस वर्षं प्लास्टिक सर्जरी करतोय, त्यातली पहिली बरीच वर्षं सरकारी हॉस्पिटलात गेली आणि तिथे पावसाळा सुरू झाला की असे पाय रांगेने यायचे. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच. पण ते कशाची वाट बघतायत एवढं मी नीट सांगू शकतो.

वडील शेतकरी आहेत ना, मग त्यांना एकच शब्द सांगा, वाफसा. पाऊस पडून गेला म्हणून कोणी लगेच चिखलात पेरणी करत नाही आणि जमीन कडक झाल्यावरही करत नाही, वाफसा यायची वाट बघतो. जखमेचं तसंच आहे. कातडी लावणं हे तास-दीड तासाचं काम आहे, आमच्याकडचा रेसिडेंट, म्हणजे शिकणारा डॉक्टरसुद्धा ते चांगलं करतो, सगळं कसब जखमेला वाफसा आणण्यात आणि तो आलाय की नाही हे ओळखण्यात आहे.

आता आधी झालं काय ते. या आजाराला नेक्रोटायझिंग फॅशिआयटिस म्हणतात, पेपरात त्याला मांस खाणारे जंतू म्हणतात पण जंतू काही मांस खात नाहीत. मटण साफ करताना मांसावर जो पांढरा चिवट पापुद्रा दिसतो तसा आपल्याही कातडी-चरबीच्या खाली, स्नायूंच्या वर असतो, तो म्हणजे फॅशिया. त्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जंतू तिथे शिरले की त्यांना अडवायला फारसं कोणी नसतं, ते त्या थरातून आडवे पळत सुटतात आणि वाटेत कातडीला रक्त नेणाऱ्या बारीक नसांमध्ये गुठळ्या होतात. म्हणून वरची कातडी आधी दोन दिवस नुसती सुजलेली आणि लालसर दिसते, मग जांभळट होते, पाण्याचे फोड येतात, मग काळी पडते, आणि काळी पडते तेव्हा खालचा खेळ कधीच पुढे गेलेला असतो. जुनी माणसं पायावर लाल चट्टा पसरत चालला की धावरं म्हणायची, ते धावरं कातडीतल्या कातडीत धावतं, हे तिच्या खालून धावतं. सुरुवातीची एकच खूण मी विद्यार्थ्यांना घोकायला लावायचो, दिसतं थोडं आणि दुखतं अफाट. (शुगरवाल्यांच्या पायात मुंग्या-बधिरपणा असेल तर हेही फसवतं, दुखतच नाही.)

आजार नवा नाही हो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात जखमी सैनिकांमध्ये हे खूप झालं आणि जोसेफ जोन्स नावाच्या सर्जनने १८७१ मध्ये त्याबद्दल लिहून ठेवलंय, १९२४ मध्ये मेलेनी नावाच्या सर्जनने पेकिंगमधल्या (आजचं बीजिंग) २० पेशंटचं वर्णन केलं, आजचं नाव मात्र १९५२ मध्ये विल्सन यांनी दिलं. आणि या सगळ्या काळात मूळ उपाय एकच राहिलाय, मेलेलं सगळं कापून काढा आणि लवकर काढा. अँटिबायोटिक रक्तातून जातं आणि मेलेल्या भागात रक्तच जात नाही, मग औषध पोचणार कसं.

लोकांचा राग कशावर असतो तर "काळा भाग तळहाताएवढा होता, आणि कापलं केवढं!" ऑपरेशनमध्ये काय दिसतं सांगतो. कातडीला चीर दिली की पू येत नाही, भांडी विसळलेल्या पाण्यासारखं राखाडी पातळ पाणी येतं, वास येतो. मग त्या चिरेतून बोट आत सारायचं. निरोगी माणसात तो थर कातडीला घट्ट धरून असतो, बोट जातच नाही. यांच्यात बोट सरळ पुढे जात राहतं, मऊ लोण्यात घातल्यासारखं, आणि जिथपर्यंत बोट विनासायास जातं तिथपर्यंत उघडावंच लागतं, वरून कातडी कितीही चांगली दिसो. मग २४ ते ४८ तासांनी परत भूल देऊन परत बघायचं, कारण पहिल्या दिवशी जिवंत वाटलेला भाग दुसऱ्या दिवशी मेलेला निघू शकतो. म्हणजे वडिलांची दोन ऑपरेशनं म्हणजे पहिलं फसलं म्हणून दुसरं असं नाहीये, ते असंच ठरलेलं असतं, काहींना चार-पाच लागतात.

आता काकांचा मुद्दा, टाके. टाके घालायला दोन्ही बाजूची कातडी जवळ यायला पाहिजे आणि इथे मधली कातडीच गेलीय. नडगीवर तर कातडी आधीच ताणलेली असते, चिमटीत धरून बघा, पोटासारखी येत नाही. ओढून शिवली तर टाक्यांच्या कडा काळ्या पडतील, आणि आत चुकून जंतू राहिले असतील तर आपण स्वतःच झाकण लावून त्यांची सोय केली. काही जखमांमध्ये मात्र कातडी गेलेली नसते, नुसती चीर देऊन उघडलेली असते, तिथे सूज उतरल्यावर टाके घालता येतात किंवा कडांना स्टेपल मारून त्यातून रबरी दोरी बुटाच्या नाडीसारखी ओवायची आणि दर दोन दिवसांनी थोडी थोडी आवळायची, कडा हळूहळू जवळ येतात. तुमच्या वडिलांच्या जखमेच्या वरच्या टोकाला थोडं असं जमलं तर तेवढीच कातडी कमी लागेल, डॉक्टरांना विचारून बघायला हरकत नाही.

मावशींचा मुद्दा जास्त अवघड आहे कारण तो अर्धा खरा आहे. छोटी जखम आपोआप भरते. नवी कातडी फक्त कडांकडून सरकत येते आणि तीही फार तर दिवसाला एखादा मिलिमीटर, आणि मोठ्या जखमेत अर्ध्या वाटेत दमते. हाताच्या पंजाएवढी रुंद जखम अशी भरायला महिनोन्महिने जातात, तोवर रोज प्रोटीन वाहून जातं, घोटा आखडतो, आणि शेवटी जी कातडी येते ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी, चप्पल घासली की फुटली. वर्षानुवर्षं अशी फुटणारी-भरणारी जखम राहिली तर त्यात कॅन्सर होऊ शकतो, त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. तीस वर्षं पायाला फडकं बांधून हिंडलेल्या एका आजींचा असा पाय मी पाहिलाय, गुडघ्याखाली काढावा लागला.

मग थांबायचं कशासाठी? वाफसा कसा ओळखतात ते सांगतो, तुम्हीही ड्रेसिंगच्या वेळी बघू शकता, सिस्टरला विचारून बाजूला उभ्या राहा. तळ लालबुंद आणि बारीक दाणेदार पाहिजे, डाळिंबाचे दाणे अगदी बारीक करून पसरल्यासारखा, गॉज उचलला की टिपूस टिपूस रक्त यायला पाहिजे. फिकट गुलाबी, सुजलेला, जेलीसारखा थरथरणारा तळ दिसायला भरलेला वाटतो पण तो खोटा, त्यावर कातडी धरत नाही, तो खरवडून काढावा लागतो. पिवळी चिकट साय नको, हिरवा डाग नको, वास नको. आजूबाजूच्या कातडीवरची सूज उतरून तिला सुरकुत्या पडल्या पाहिजेत. आणि कडेला दोन-तीन मिलिमीटरची निळसर-पांढरी नवी किनार दिसायला लागली की मी मनात म्हणतो, हं, आता जमीन तयार झाली. ती किनार म्हणजे शरीराने स्वतः दिलेली परवानगी आहे, कुठल्याही रिपोर्टपेक्षा माझा तिच्यावर जास्त विश्वास.

रिपोर्टही लागतातच. ताप गेलेला, शुगर बहुतेक वेळा १८० च्या आत, हिमोग्लोबिन निदान ९-१०, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) ३ च्या आसपास यायला लागलेलं. जखमेच्या तुकड्याची तपासणी केली तर एक ग्रॅममध्ये एक लाखाहून जास्त जंतू असले की कातडी धरायची शक्यता खूप कमी होते, आणि बीटा हिमोलिटिक स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू असेल तर मात्र आकडा बघायचाच नाही, थोडा असला तरी थांबायचं, तो कातडी अक्षरशः विरघळवतो.

हे मी पुस्तकातून शिकलो पण पटलं वेगळ्या प्रकारे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका हॉस्पिटलात एक पेशंट होता, असाच पाय, शेतमजूर, घरी कोणी कमावतं नाही, नातेवाईक रोज विचारायचे साहेब कधी, वॉर्डात बेड नाही म्हणून वरूनही घाई. तळ बरा होता, एका कोपऱ्यात हिरवट झाक होती, मी म्हटलं चालेल. लावली. पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडायच्या आधीच वासावरून कळलं. पट्टी काढली तर कातडी नव्हतीच, भिजलेल्या टिश्यू पेपरसारखे दोन-चार तुकडे आणि खाली हिरवं. मांडी उगाच सोलली गेली, तो माणूस आणखी पाच आठवडे राहिला. आठवडा वाचवायला गेलो आणि महिन्याच्या वर घालवला, चूक माझीच होती, त्या कोपऱ्याला चार दिवस पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचं ड्रेसिंग केलं असतं तर बहुतेक निभावलं असतं. (हे वाचून घरी व्हिनेगर ओतू नका प्लीज.) तेव्हापासून घाई करणाऱ्या नातेवाईकांना मी हीच गोष्ट सांगतो.

व्हॅकबद्दल तुम्ही विचारलंय की "ते मशीन नक्की काय करतं, पंपच तर आहे". हो, पंपच आहे. काळा स्पंज जखमेच्या मापाने कापून ठेवायचा, वरून चिकट पारदर्शक फिल्म, नळी, आणि साधारण उणे १२५ मिलिमीटरचा दाब. आर्जेन्टा आणि मॉरिकवास यांनी १९९७ मध्ये हे मांडलं आणि आमची निम्मी डोकेदुखी कमी झाली. लस आणि घाण पाणी ओढलं जातं, सूज उतरते, कडा जवळ येतात, तळाला रक्त येतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे रोजच्या रोज ड्रेसिंगचा छळ वाचतो, दोन-तीन दिवसांनी एकदाच बदलायचं. पण मेलेला भाग आत ठेवून वर व्हॅक लावला तर घाणीवर झाकणच, म्हणून आधी कापणं पूर्ण व्हायला लागतं. कंपनीचं मशीन आणि स्पंज महाग पडतात हे खरंय. सरकारी हॉस्पिटलात आम्ही निर्जंतुक केलेला साधा स्पंज, फिल्म आणि भिंतीवरचं सक्शन यावर शेकडो पाय तयार केलेत, दाबावर लक्ष ठेवलं तर तेही चालतं, त्यामुळे परवडत नसेल तर लाजू नका, सरळ विचारा. आणि डब्यात अचानक लाल रक्त भरताना दिसलं तर कोणाची वाट न बघता सिस्टरला हाक मारा.

आता जे फक्त घरचे करू शकतात ते. खाणं! आपल्याकडे जखम झाली की डाळ बंद, अंडं बंद, आंबट बंद, का तर पू होतो. कुठून आलं देवाला माहीत. पेज आणि मुगाच्या पाण्यावर ठेवलेल्या पेशंटची जखम पंधरा दिवस जशीच्या तशी फिकट बघितलीय मी, आणि त्याच पेशंटला अंडी सुरू केल्यावर आठवड्यात रंग बदललेला पण बघितलाय. साधारण किलोमागे दीड ग्रॅम प्रोटीन धरा, वडील ६० किलोचे असतील तर दिवसाला ९० ग्रॅम. एका अंड्यात ६, शंभर ग्रॅम चिकनमध्ये २५ च्या आसपास, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८, वाटीभर घट्ट वरणात ६-७. म्हणजे दोन वेळच्या पोळीभाजीतून ते होत नाही, मुद्दाम मोजून द्यावं लागतं. किडनीचा रिपोर्ट वाढलेला असेल तर मात्र आकडा डॉक्टरांकडून घ्या. शुगरसाठी सध्या इन्सुलिनच, "एकदा लागलं की कायमचं" वगैरे वाद आता नको, नंतर बघू. आणि तंबाखू, बिडी, घरात कोणी मिश्री लावायला देत असेल तर तीही, पूर्ण बंद. निकोटीनने बारीक नसा आवळतात आणि आपण नेमक्या त्याच नसांच्या भरवशावर बसलोय.

आणखी एक, पावलाच्या नसा तपासल्यात का ते विचारा. घोट्याजवळ नाडी लागते का, डॉपलर (रक्त वाहतंय का ते बघायची सोनोग्राफीसारखी तपासणी) केलंय का. शुगरवाल्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या बऱ्याचदा चोंदलेल्या असतात, कॅनॉललाच पाणी नसेल तर रान कितीही चांगलं मशागत करा उपयोग नाही, आधी अँजिओप्लास्टी मग कातडी.

ऑपरेशनचं सांगतो. बहुतेक कमरेत भूल. मांडीवरून कातडीचा फक्त वरचा पातळ पापुद्रा घेतात, मिलिमीटरच्या पाव ते एक तृतीयांश जाडीचा, लांब सुऱ्याने किंवा मशीनने. पूर्ण कातडी सोलत नाहीत, त्यामुळे मांडीची जागा खाली राहिलेल्या केसांच्या मुळांपासून स्वतःच दोन आठवड्यांत भरते. पण खरं सांगू, पेशंटला पायापेक्षा मांडीच जास्त दुखते, पहिले तीन-चार दिवस भाजल्यासारखी आग होते, हे आधी सांगून ठेवा म्हणजे ते घाबरणार नाहीत. मांडीच्या पट्टीतून रक्त झिरपून ती वरून काळी-कडक होते, ओढू नका, वाळली की ती स्वतः सुटते. घेतलेल्या कातडीला मशीनने जाळीसारखी भोकं पाडतात, म्हणजे दीडपट-तिप्पट पसरते आणि खालचं पाणी भोकांतून बाहेर येतं. जाळीची खूण मात्र कायम राहते, चेहरा-हात असेल तर आम्ही शक्यतो टाळतो, पायाला चालतं.

मग ती जगते कशी? पहिले दोन दिवस तिला स्वतःचं रक्त नसतं, तळातून पाझरणारी लस शोषून तग धरते. मग खालच्या बारीक नसा तिच्या नसांना भेटायला लागतात आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत रक्त फिरायला लागतं. भाताचं रोप लावल्यावर चार दिवस मलूल असतं मग जीव धरतं, अगदी तेच, आणि त्या चार दिवसांत कोणी रोप हलवून बघत नाही. कातडी फुकट जायची कारणं तीन-चारच आहेत, खाली रक्त किंवा पाणी साठणं, जंतू, आणि सरकणं. सरकणं हे पेशंटच्या हातात आहे. म्हणून मागून प्लास्टरची पट्टी लावून पाय उशीवर उंच ठेवतात, घोटा काटकोनात. "संडासला दोन पावलं गेलो फक्त" हे वाक्य मला इतक्यांदा ऐकायला मिळालंय की मी आता आधीच बेडपॅनवर सही घेतो, गंमतीत.

पाचवा दिवस. आमच्यासाठी हा निकालाचा दिवस. वरची पट्टी काढतात, मग कातडीला चिकटलेला मलमाचा जाळीदार कपडा असतो त्यावर सलाईन ओतत ओतत एका कोपऱ्यातून तो उलटा मागे दुमडत न्यायचा, वर उचलायचा नाही, नाहीतर कातडी त्याच्याबरोबर येते. वॉर्डातल्या मावशींना पंखा बंद करायला सांगतो, सगळे गप्प. खाली गुलाबी-जांभळट रंग दिसला आणि बोटाने हलकं दाबल्यावर पांढरं होऊन परत गुलाबी झालं की जमलं. कुठे एखादा फुगा दिसतो, त्याला पात्याच्या टोकाने बारीक छिद्र द्यायचं आणि कापसाची काडी लाटण्यासारखी फिरवून पाणी बाहेर काढायचं. ८०-९० टक्के धरली तर आम्ही खूश, राहिलेले ठिपके ड्रेसिंगने भरतात, तेव्हा "दहा टक्के गेली" ऐकून रडायला बसू नका.

आता एक गोष्ट तुमच्या डॉक्टरांनी सांगितली असेल किंवा नसेल. सगळ्या जखमेवर अशी कातडी धरेलच असं नाही. हाडावरचं आवरण गेलं असेल आणि कोरडं पांढरं हाड दिसत असेल, किंवा घोट्याजवळ स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा कंडरा उघडा असेल, तिथे पातळ कातडीला प्यायलाच काही नसतं. मग फ्लॅप लागतो, म्हणजे स्वतःच्या रक्तवाहिनीसकट आणलेलं मांस-कातडी, माती-मुळांसकट उचललेलं झाड म्हणा. पायाचे आम्ही तीन भाग पाडतो, वरच्या भागात पोटरीचा गॅस्ट्रोक्नेमियस स्नायू वळवून आणता येतो, मधल्या भागात सोलियस, आणि घोट्याजवळच्या खालच्या भागात स्नायूच नसतात म्हणून तो सगळ्यात त्रासाचा, तिथे शेजारची कातडी एका बारीक नसेवर पंख्याच्या पात्यासारखी फिरवतात, पोटरीमागून सुरल फ्लॅप आणतात किंवा मांडीचा-पाठीचा तुकडा आणून मायक्रोस्कोपखाली नसा जोडतात. शुगर, चोंदलेल्या नसा आणि इतका मोठा आजार होऊन गेलेल्या माणसात हे मोठं ऑपरेशन झेपेल का, हा वेगळा हिशोब आहे, आणि कधी कधी डर्मल सबस्टिट्यूट नावाचं कृत्रिम जाळं कंडऱ्यावर पसरून तीन आठवडे थांबतात, त्यात नसा उगवल्या की वर कातडी. चालतं, पण महाग. तुमच्या वर्णनावरून घोट्याजवळ दोन-तीन सेंटिमीटर "पांढरी पट्टी" दिसतेय म्हणालात, ती कंडरा आहे का आणि त्यावरचं आवरण शाबूत आहे का, हा एक प्रश्न उद्या राउंडला नक्की विचारा. मला तुमच्या सगळ्या मजकुरात तेवढ्याचीच थोडी काळजी वाटली.

एका दुसऱ्या ताईंनी खाली विचारलंय की त्यांच्या सासऱ्यांना हेच जांघेत आणि अंडकोषाला झालंय. त्याला फूर्निए गँगरीन म्हणतात, १८८३ चं नाव आहे ते. दिसायला भयंकर, कातडी सगळी गेलेली आणि वृषण उघडे, पण त्यांचा रक्तपुरवठा थेट पोटातून येतो म्हणून ते बहुतेक वेळा वाचतात. तिथली कातडी कमालीची ताणते, निम्म्यापर्यंत गेली असेल तर उरलेली ओढूनच भागतं, जास्त गेली असेल तर जाळीची कातडी किंवा मांडीचा फ्लॅप, तोवर मांडीच्या कातडीखाली खिसा करून त्यात ठेवतात. शुगरच्या ग्लिफ्लोझिन गोळ्यांबद्दल (लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या, नावाच्या शेवटी -ग्लिफ्लोझिन असतं त्या) अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २०१८ मध्ये याच आजाराची सूचना दिली होती, प्रकार अतिशय दुर्मिळ आहे, घाबरून कोणी स्वतः गोळी बंद करू नका, पण त्या पेशंटने घेत असल्यास डॉक्टरांना सांगायलाच हवं.

पैशाचं. वाट बघण्याने बिल वाढतं हे खरं आहे पण फुकट गेलेल्या कातडीने दुप्पट वाढतं. हॉस्पिटल महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड-आधार घेऊन आजच जा, ऑपरेशन झाल्यावर नाही, मंजुरी आधी लागते. जखम स्थिर असेल तर मधल्या काळात सरकारी मेडिकल कॉलेजला हलवण्यातही काही कमीपणा नाही. आणि ज्यांची जखम इतकी मोठी असते की स्वतःची कातडी पुरतच नाही, त्यांना स्किन बँकेतली, म्हणजे मृत्यूनंतर दान केलेली कातडी तात्पुरती लावतात. मुंबईत सायन हॉस्पिटल आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये अशी बँक आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत फोन केला तर त्यांची टीम येऊन पाठ-मांडीची पातळ कातडी घेते, देह विद्रूप होत नाही. आपल्याकडे डोळे देतात लोक, हे माहीतच नसतं.

नंतरचं. कातडी धरली तरी पाय एकदम खाली सोडून बसायचं नाही, रक्त उतरून ती निळी पडते आणि फुगे येतात. आधी क्रेप बँडेज बांधून पाच-पाच मिनिटं, मग वाढवत न्यायचं. क्रेप बोटांपासून वर बांधत जायचं, सहा महिने तरी. त्या कातडीत घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी नसतात म्हणून दिवसातून दोन-तीनदा खोबरेल तेल हलक्या हाताने. खाज खूप सुटेल, नखं कापून ठेवा. रंग गडद होतो, जागा खोलगट दिसते, स्पर्श अर्धवट परत येतो, म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा शेकोटी त्या पायाजवळ कधीच नाही. घोट्याचा व्यायाम फिजिओने सांगितल्या दिवसापासून, कंटाळा केला तर टाच वर राहते आणि मग चालताना आयुष्यभर पंजावर चालतात. दुसऱ्या पायाकडेही बघा, बोटांमधल्या चिखल्या, टाचेच्या भेगा, रोज रात्री टॉर्च लावून, कारण पुढचा काटा त्या पायात जाणार आहे आणि यांना कळणार नाहीये.

राहता राहिला वडिलांचा स्वतःचा प्रश्न जो तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलाय, गव्हाच्या पेरणीला जाता येईल का. कातडी महिनाअखेर लागली आणि धरली तर नोव्हेंबरपर्यंत काठी घेऊन चालत असतील असं धरू. चिखलात आणि पाणी द्यायला यंदा नाही, अनवाणी तर पुन्हा कधीच नाही, बूट-मोजे घालून. बांधावर खुर्ची टाकून बसू द्या त्यांना, पाय दुसऱ्या खुर्चीवर, क्रेप बांधलेला, आणि ओरडायचं तेवढं तिथूनच ओरडू द्या.